काजळी लावलेला कान

पुण्याच्या एका कादंबरीकाराने आमच्या हौसाआक्काला फसवलं. तिने त्याला एक गोष्ट सोडून बाकी सगळं दिलं होतं, आणि त्याने नेमकी तीच उचलली. त्यांचा करार माझ्या उपरण्याखाली झाला होता, म्हणजे जामीन मी होतो.

कादंबरीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लोकांनी शोधून विकत घ्यावी, एवढं काम मी त्या माणसाचं करणार नाही. मुखपृष्ठावर काळी विहीर आहे, काठावर केस मोकळे सोडलेली पाठमोरी बाई आहे. आत तीनशे पानं. गावोगावच्या विहिरींतून बुडालेली माणसं काढणारी एक एकटी बाई, तिला सगळ्यांची गुपितं माहीत, ती चिलीम ओढते, आणि शेवटच्या प्रकरणात तिचंच गुपित उघडं पडतं. रहस्य छान जमलंय, असं पेपरात छापून आलं. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्यात खरं किती आणि खोटं किती हे मला सांगता येतं, कारण ती बाई मी वीस-बावीस वर्षं पाहिली.

तिने चिलीम कधी ओढली नाही. सकाळी एकदा मिश्री लावायची, तीही पाठ फिरवून. तिचे मोकळे केस मी सोडाच, गावातल्या बायकांनीही पाहिले नसतील. ती एकटी होती हे मात्र खरं, आणि कोणी कीव केलेली तिला खपत नसे हेही खरं.

आक्का मूळची अकोल्याकडची, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. धरणाच्या पाण्यात म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलेली. लग्न होऊन आमच्या पारनेर तालुक्यात आली तेव्हा तिला सगळ्यात मोठं नवल वाटलं ते हे, की इथली माणसं साठ-साठ फूट खोल विहिरी खणतात आणि पोहता कोणाला येत नाही. म्हणायची, "घर बांधायचं आन दार ठिवायचं न्हाई, तसली तुमची अक्कल."

नवरा पहिल्याच वर्षी मुंबईला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवायची तयारी केली. ती गेली नाही. पाझर तलावाच्या पलीकडे, गायरानाला लागून, मातीच्या दोन खोल्या उभ्या केल्या, वर पत्रे टाकले, चार शेळ्या पाळल्या. कांद्याच्या लागणीला जायची. आणि कोणाची मोटर अडकली, बादली पडली, जनावर घसरलं, की तिला बोलावणं यायचं. विहिरीत उतरताना ती नवऱ्याचा मागे राहिलेला खाकी सदरा आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायची. सुरुवातीला आयाबाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एकेकीचं काही ना काही विहिरीत पडलं, आणि पदर खाली आले.

माझी तिची गाठ अशीच पडली. मी जनावरांचा दलाल. अकराव्या वर्षी दुसऱ्याच्या शेळ्यांची दावी धरून बाजारात उभा राहिलो, आज घोडेगाव आणि काष्टी दोन्ही बाजारांत माझ्या शब्दावर जनावर हलतं. त्या वेळी मी नुकता स्वतःच्या पायावर उभा राहत होतो. नवीन आणलेली गाभण कालवड दावं तोडून पळाली आणि शेजारच्या पडक्या विहिरीत गेली. पाणी छातीइतकं, पण कालवड बिथरलेली. आक्का आली, काठावर बसून तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "आक्का, काय घ्यायचं ते आधी ठरवू. मागून घासाघीस नको."

"काय देनार?"

मी एक आकडा बोललो, अर्थातच कमीचा.

"ते ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "तू खाली यायचं. ह्योच माझा भाव."

"मला पोहता येत नाही."

"तिलाबी येत न्हाई. जनावर तुझं हाय, तुझ्या वासानं जरा गप ऱ्हाईल. येतोस का जाऊ मी घरी?"

आयुष्यात मला कोणी एवढा महाग भाव सांगितला नव्हता. दोर कमरेला बांधून मी खाली गेलो. कपारीला धरलेली बोटं सोलवटली. ती पाण्यात उभी राहून कालवडीच्या पोटाखालून पट्टे घेत होती आणि मी त्या जनावराच्या गळ्याला मिठी मारून उभा होतो. कोणी कोणाला धरलं होतं ते मला अजून नक्की सांगता येणार नाही. वर आल्यावर तिने सदरा पिळला आणि म्हणाली, "आता हिला इकताना दहादा इचार करशील." मी ती कालवड विकली नाही. तिची तिसरी पिढी आज माझ्या गोठ्यात आहे.

जनावर, मोटर, बादली यासाठी ती काही ना काही घ्यायची. माणसासाठी काही घेत नसे, चहासुद्धा नाही. आणि माणूस काढायचं असलं की तिची एक रीत होती. ती आपली घोंगडी सोबत आणायची. वर आणलेल्याचं तोंड आधी त्या घोंगडीने झाकायची. पोलीसपाटील असो, सरपंच असो, घोंगडीला हात लावला की ती मनगट धरायची. आई यायची, आई नसली तर जे कोण सगळ्यात जवळचं ते यायचं, तोवर घोंगडी निघत नसे. मग ती स्वतः ती बाजूला करायची आणि त्या एका माणसाच्या कानाला लागून काहीतरी सांगायची. खाली तिला काय दिसलं, माणूस कसा होता, ते फक्त त्या कानासाठी. आम्ही विचारलं तर म्हणायची, "पानी हुतं. दुसरं काय असनार?"

ज्यांनी तिचं ते ऐकलं ती माणसं नंतर जरा शांत व्हायची. हे मी स्वतः चार-पाच वेळा पाहिलं आहे.

सिंधूवहिनींचा मळा माझ्या मळ्याला लागून. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, रूपाली. पारनेरला बारावीला होती. सात वर्षांमागे हिवाळ्यात एका दुपारी मायलेकींचं काहीतरी बिनसलं. मोबाईलवरून सुरू झालं आणि कॉलेज बंद करण्यापर्यंत गेलं. आवाज माझ्या गोठ्यापर्यंत येत होते. शेवटी वहिनींचं एक वाक्य ऐकू आलं, "जा, मला तोंड दाखवू नको." असं कोणती आई बोलत नाही? माझी आई मला आठवड्यातून दोनदा बोलायची.

संध्याकाळी रूपाली घरी नव्हती. वहिनींच्या शेळीचं एक महिन्याचं काळं करडूही नव्हतं. लोक दोघांनाही हाका मारत हिंडले. सकाळी वरच्या अंगाच्या विहिरीवर शंका आली आणि आक्काला निरोप गेला. आम्ही दोर घेऊन पोचलो तेव्हा ती आधीच आली होती, काठावर एकटी उभी होती. रूपालीच्या चपला इकडे एक, तिकडे एक पडल्या होत्या. आक्का उतरली, तिला वर आणलं, घोंगडी घातली. वहिनींना दोघींनी धरून आणलं. आक्काने घोंगडी बाजूला केली, वहिनींच्या कानाशी वाकली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली.

वहिनींनी हंबरडा फोडला तो सगळ्यांना ऐकू आला. "माझी पोर करडामागं उतरली गं. त्याला काढाया गेली गं."

मग ते सगळ्या गावाचं झालं. करडू पाण्यात पडलं, पोरीने घाईत चपला टाकल्या, पायऱ्यांवरून घसरली. करडू गाळात रुतलं, आक्काला ते काढता आलं नाही. कागदावरही अपघातच लागला. दहाव्याला वहिनींनी पिंडाशेजारी मूठभर हिरवा घास ठेवायला लावला. भटजी म्हणाले, हे कशाला? वहिनी म्हणाल्या, "त्याचंबी ठिवा. त्याच्यापायीच गेली ती." तेव्हापासून दर वर्षी श्राद्धाला पानाशेजारी घासाची मूठ असते. घरी आलेल्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, माझी पोर एका जिवासाठी गेली. ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत असे. म्हणजे बघता येण्यासारखा असे.

पुढच्या वर्षी मी आक्काच्या शेळ्या बघायला गेलो. तिने तीन दाखवल्या, तिन्हींचा भाव जमला. चौथी आतल्या खोलीत बांधलेली होती. तरणी, काळीभोर, अंगाने भरलेली. शेळी घरात कोण बांधतं? मी म्हणालो, ही पण घेतो. ती म्हणाली, न्हाई. मी भावात वर गेलो. न्हाई. अजून वर गेलो. ती बाहेर जाऊन भांडी घासायला लागली.

मी शेळीच्या अंगावरून हात फिरवला. सवयच ती. कानापाशी अंगठा काळा झाला. बाजारात डाग लपवायला जनावर रंगवणारे लोक मी लहानपणापासून पाहत आलोय. काजळी आणि तेल. घासून पाहिलं, तर आतला केस पांढराशुभ्र. सबंध उजवा कान पांढरा, आणि वरून तव्याची काजळी.

"आक्का, हे रंगवलेलं जनावर हाय."

"व्हय."

"कशाला?"

"इकायचं असतं तर तू इचारनं बरोबर हुतं. इकायचं न्हाई तर माझ्या रंगानं कोन फसतंय?"

मी चिडून निघून आलो. पण ती शेळी माझ्या डोक्यातून गेली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी काहीतरी निमित्त काढून जायचो आणि भाव वाढवायचो. ती वाटीत चहा द्यायची आणि न्हाई म्हणायची. शेळी कधी गायरानात चरताना दिसली नाही. आक्का तिला घास कापून आणून घालायची. धंद्यात मला नाही म्हणणारे पुष्कळ भेटले, पण नाही का ते न सांगता नाही म्हणणारी ही एकटीच. ते मला लागत होतं. हे मी आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हा खोडसाळपणा आहे.

लेखकसाहेब मला बाजारात भेटले. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली जातो, बोटं धरून आकडा सांगितला जातो, पटला की हात दाबायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. कागद नसतो. आणि उपरण्याखाली दिलेला शब्द मोडलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते साहेब हे सगळं वहीत टिपत उभे होते. चहाला बसलो. माणूस गोड. म्हणाले, "मी रहस्यकादंबरी लिहितोय. मला नायिका हवी आहे, एकटी राहणारी, चाकोरीबाहेरची. मरण जवळून पाहिलेली."

मी म्हणालो, "चला, दाखवतो."

त्यांना नायिका हवी होती आणि मला शेळीचं उत्तर. एवढ्या शिकलेल्या माणसाला तरी ती सांगेल, असं मला वाटलं.

ते चार वेळा आले. त्यांच्याविषयी खोटं बोलणार नाही, त्यांना ऐकता येत होतं. आक्का त्यांना मास्तर म्हणायची. घाणेरड्या विहिरीत किती गाळ असतो, खोलवर पाणी किती गार होतं, डोळे उघडे कसे ठेवायचे, सगळं त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलं. चिलीम ओढता का, हेही विचारलं. ती म्हणाली, "तुमी आनली असली तर बगू." मला हसू आलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

चौथ्या खेपेला ती दारात बसून मटकी निवडत होती. लेखकसाहेबांनी वही मिटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, त्या कानात जे सांगता, ते दर वेळी खरंच असतं का हो?"

तिचा सुपातला हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. "दलाल, तू आत शेळीपाशी जाऊन बस."

दोन खोल्यांच्या घरात आत जाऊन बसलं तरी सगळं ऐकू येतं. हे तिलाही माहीत होतं. पुढे मला कधी कधी वाटलं, तिने ते आम्हा दोघांना सांगितलं, फक्त माझं तोंड तिला समोर नको होतं.

"एकदा खोटं बोलले," ती म्हणाली. "हिरीवर पयली मी गेले. चपला काठाला जोडून ठिवलेल्या. शेजारी मोबाईल, वडनीत गुंडाळलेला. घाईनं उतरलेली पोर चपला जोडून ठिवत न्हाई, मास्तर. म्या त्या लाथंनं पांगवल्या. वडनी-मोबाईल उचलून माझ्या घोंगडीत घातला."

"मग?"

"मग सिंधू आली. आदल्या दिशी तिनं काय म्हनलं हुतं ते समद्या शिवाराला ठावं हुतं. तिच्या कानात म्या काय सांगायचं? करडू हरवलंय एवढं मला म्हाईत हुतं. त्येच घेतलं. गाळात हाय म्हनलं."

"आणि करडू?"

"दुसऱ्या दिशी घरला येताना बोरीच्या जाळीत अडकल्यालं घावलं. जितं. आता त्याला परत कसं न्यावं? घोंगडीत घालून आनलं. मारवंना बी. एक कान पांढरा. सिंधूच्या हातचं करडू, ती लांबनं वळखील." बाहेर सुपात मटकी खळखळली. "सा वरसं झाली. रोज सकाळी तवा पुसते, कानाला लावते."

मी शेळीच्या शेजारी बसलो होतो. ती माझ्या उपरण्याचं टोक चघळत होती.

नंतर आक्काने मला बाहेर बोलावलं आणि लेखकसाहेबांना म्हणाली, "बाकी समदं घ्या. माझा नवरा घ्या, माझी चड्डी घ्या, समद्या हिरी घ्या. ही शेळी न्हाई घ्यायची."

"अर्थात, मावशी. माझा शब्द."

"तुमचा शब्द मला म्हाईत न्हाई. दलालाचा म्हाईत हाय."

मी खांद्यावरचं उपरणं काढलं. त्यांचा हात आणि तिचा हात खाली गेला, वरून मी माझा ठेवला. तिने दाबला, त्यांनी दाबला. मग ते म्हणाले, "काय सुंदर पद्धत आहे," आणि हात मोकळा होताच वही उघडली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हात दाबल्यावर तो कसा दाबला ते लिहून घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. पण चाळीस वर्षांत मला गरज पडली नव्हती, म्हणून मी कागद मागितला नाही. माझी चूक म्हणाल तर ही.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. त्यांनी सही करून एक प्रत मला पाठवली. ऋणनिर्देशात माझं नाव तिसरं. मी न वाचताच ते पान बाजारात चार जणांना दाखवलं. मग घरी येऊन वाचायला बसलो.

गावाचं नाव बदललं होतं. तालुका बदलला होता. रूपालीचं नाव, जात, कॉलेज, सगळं बदललं होतं. कान तसाच होता. उजवा, पांढरा, वर तव्याची काजळी. आणि शेवट असा, की मुलीला तिच्या चुलत्याने जमिनीसाठी ढकललं, आणि नायिकेने त्याच्याकडून सोन्याच्या पाटल्या घेऊन करडाची गोष्ट रचली.

मी फोन लावला.

ते म्हणाले, "अहो, ती कादंबरी आहे. त्यात कोणीही खरं नाही."

"मग कान?"

"कान?"

"शेळीचा कान."

मग ते म्हणाले, "तो तपशील फार चांगला होता हो. त्याच्याशिवाय शेवट उभा राहत नव्हता."

त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

आक्काला सांगायला मी तीन दिवस रोज गेलो. तिन्ही दिवस शेळ्यांचा भाव बोलून परत आलो. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या दारात बसलो होतो, आज सांगायचंच म्हणून, तर गायरानातून सिंधूवहिनी येताना दिसल्या. डोक्यावर ऊन, पायांत चपला नाहीत. त्यांची भाची पारनेरला कॉलेजात, तिने आपल्याकडच्या विहिरींवरचं पुस्तक म्हणून ते आणलं होतं आणि मावशीला वाचून दाखवत होती. चुलता, पाटल्या ऐकून झाल्या, पण काजळीच्या पानाशी वहिनींनी तिला थांबवलं.

त्या कोणाशी बोलल्या नाहीत. सरळ आत गेल्या. माठातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि शेळीचा कान पुसला. एकदा, दोनदा. पदर काळा झाला, कान पांढरा.

"हीच?" वहिनी म्हणाल्या.

"हीच," आक्का म्हणाली.

"चपला?"

"जोडून हुत्या."

वहिनी शेळीजवळ खाली बसल्या. पाटल्यांचं त्यांनी विचारलं नाही. चुलत्याचंही नाही. पुस्तकात जे खोटं होतं ते त्यांना लगेच खोटं म्हणून कळलं, आणि जे खरं होतं ते खरं म्हणून. मग त्या म्हणाल्या, "सात वरसं रोज सकाळी देवाला हात जोडून म्हनते, माझी पोर एका जिवासाठी गेली. आता काय म्हनू, आक्का?"

कित्येक माणसांच्या कानाशी वाकलेली ही बाई. या वेळी ती वाकली नाही.

गावाचं वेगळं. गावाने पाटल्या धरून ठेवल्या. पुस्तक वाचलेले सात-आठ असतील, पण पाटल्या सगळ्यांना माहीत झाल्या. पुढच्या वेळी विहिरीत माणूस बुडाला तेव्हा तिला बोलावणं गेलं नाही. नगरहून अग्निशमनची गाडी येईपर्यंत लोक चार तास काठावर बसून राहिले, आणि गाडीतल्या माणसांनी वर आणलं तेव्हा झाकायला कोणाकडे काही नव्हतं. चहाच्या टपरीवर एकाने तिला ऐकवलं, "आक्का, कानात सांगायचा भाव काय चाललाय सध्या?" मी त्याची गचांडी धरली. ती म्हणाली, "सोड त्याला. पुस्तकात हाय ते. त्यो तरी काय करील?"

शेवटचं पाहिलं ते रस्त्यावरच्या थांब्यावर. सकाळी लवकर तिने पांढऱ्या कानाची शेळी स्वतः नेऊन सिंधूवहिनींच्या दारातल्या खुंटाला बांधली होती. दार लागलेलं होतं, तिने हाक मारली नाही. बाकीच्या शेळ्या माझ्या गोठ्यात सोडल्या आणि भावाचा शब्दही बोलली नाही. मी धावत थांब्यावर गेलो. एक बोचकं, वर घडी घातलेली घोंगडी. संगमनेरला उतरून पुढे अकोल्याची गाडी धरणार होती.

"तिकडं कोण हाय तुझं आता?"

"पानी हाय."

"आक्का, माझ्याकडून चुकलं."

तिने माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, माझ्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. मी वाट पाहिली. तिचा हात गार आणि खरखरीत होता. तिने एकही बोट धरलं नाही, दाबलं नाही. थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. आमच्या धंद्यात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. बोलणं मोडलं.

गाडी आली. तिने बोचकं आधी आत टाकलं, मग घोंगडी काखेत धरून चढली. खिडकीकडे बसली नाही, म्हणून मला पुढे काही दिसलं नाही.

लेखकसाहेब, तुमच्या पुस्तकात शेवटच्या पानापर्यंत सगळ्याचा उलगडा होतो. कोणी केलं, का केलं, कोणी लपवलं, सगळं. मला तुमच्याकडून माफी नको, आणि ऋणनिर्देशातलं नाव तर खोडूनच टाका. शेळी सिंधूवहिनींच्या दारात आहे. त्या तिला घास घालतात, तिच्याकडे न बघता. कानाला आता काजळी नाही. तुम्ही या. कोणत्याही दिवशी पारनेरला उतरा, मी घ्यायला येईन आणि एक शब्द वावगा बोलणार नाही. फक्त त्या दारात उभं राहायचं आणि त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून तिने आता काय म्हणायचं?